थांबलेल्या चेंडूची मास्तरीण

चेंडू पळत असला की माझं डोकं चालत नाही. तो थांबला की चालायला लागतं. रेफ्रीची शिट्टी वाजते, चेंडू जमिनीवर ठेवला जातो, बावीस माणसं कमरेवर हात ठेवून एकमेकांकडे रागानं बघत उभी राहतात, आणि तिथून पुढचे पंधरा-वीस सेकंद माझे असतात. कॉर्नर, फ्री किक, गोल किक, थ्रो. बाकीचा सामना ज्याचा त्यानं सांभाळावा. पळत्या चेंडूचे मास्तर गल्लोगल्ली मिळतात. थांबलेल्या चेंडूची मास्तरीण अख्ख्या नागपुरात, माझ्या माहितीप्रमाणे, मी एकटीच. कोणाला खोटं वाटत असेल तर त्यानं दुसरी आणून दाखवावी.

तशी मी फुटबॉलवाली नव्हेच. धरमपेठेतल्या एका शाळेत बत्तीस वर्षं खेळाची शिक्षिका होते आणि त्याआधी हॉकी खेळले. हॉकीत पेनल्टी कॉर्नर असतो. एकजण चेंडू ढकलते, दुसरी तो काठीनं जागीच थांबवते, तिसरी मारते. मी थांबवणारी होते. मारणारीचं नाव पेपरात यायचं, ढकलणारीचं निदान तिच्या आईला ठाऊक असायचं, थांबवणारीचं कोणालाच नाही. चेंडू निसटला की शिव्या मात्र न चुकता तिच्याच नावानं. पण त्या कामात मी एक गोष्ट शिकले. खेळात नशीब-बिशीब पुष्कळ असतं, पण चेंडू थांबलेला असतो तेव्हा नशीब बाकावर बसलेलं असतं. तेव्हा तालीम चालते.

निवृत्त होऊन चार महिने झाले असतील. एका सकाळी दारात एक काटकुळे गृहस्थ उभे. अंगात ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी, हातात पालकाची जुडी. हे नत्थूभाऊ. नागपूरजवळच्या कन्हानच्या खदान इलेव्हन टीमचे कोच. त्यांची भाची माझी विद्यार्थिनी, तिनं पत्ता दिला होता. पालक त्यांच्या घरचा होता.

"बाई, कॉर्नर शिकवता का?"

"अहो, मी हॉकीवाली. फुटबॉलचा कॉर्नर वेगळा."

"कोपरा त कोपराच राहते ना बाई. हॉकीचा काय, फुटबॉलचा काय."

घरात आमचे हे पेपराआडून म्हणाले, "जा गं. इथं राहिलीस तर भाजीवाल्याला रांगेत उभा करशील." मी गेले.

कन्हानचं ते मैदान म्हणजे मुरूम. खदानीच्या कॉलनीला लागून. खदान बंद पडून बरीच वर्षं झाली होती, निम्मे क्वार्टर ओस पडले होते, पण टीमच्या पिवळ्या जर्सीवर छातीशी खाणकामगाराचं शिरस्त्राण अजून होतं. टीम त्या वर्षी पहिल्यांदाच शहराच्या लीगच्या वरच्या गटात चढली होती आणि चढल्यापासून हरतच होती. पहिल्या दिवशी मी मैदानालगतच्या छोट्या पुलावर, म्हणजे पुलियावर, बसून सामना पाहिला. आम्हाला नऊ कॉर्नर मिळाले. दर कॉर्नरला नत्थूभाऊ बाकावरून एकच मंत्र म्हणायचे, "टाका बे मधात! देव पाहून घेईन!" आणि पोट्टे चेंडू मधात टाकायचे. लग्नात आइस्क्रीमचा स्टॉल उघडल्यावर पाहुणे धावतात तसे सहाच्या सहा जण एकाच जागी धावायचे, एकमेकांच्या डोक्यावर आदळायचे, आणि समोरच्यांचा कीपर निवांतपणे चेंडू उचलून न्यायचा. देवाला त्या दिवशी दुसरी कामं असावीत.

आता हा धंदा काय आहे ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळेल. यात दोन खाती. एक 'किक', दुसरं 'रिटर्न'. किक म्हणजे आपला चेंडू थांबलेला असताना कोण मारणार, कुठे मारणार, कोण खरंच धावणार आणि कोण नुसतं धावण्याचं सोंग करणार, हे आधी ठरवणं. रिटर्न म्हणजे समोरच्यानं आपल्या गोलसमोर चेंडू टाकला की तो नुसता हाकलायचा नाही, तर झेलायचा आणि त्याच पावली उलटा न्यायचा. कारण त्या क्षणी समोरच्यांची उंच माणसं सगळी आपल्या अंगणात आलेली असतात आणि त्यांच्या घराला कुलूपसुद्धा नसतं. एवढंच. बाकी सगळं पाठांतर. पण पाठांतर म्हटलं की मोठ्या माणसांना शाळा आठवते आणि ते बिथरतात, ही खरी अडचण.

माझे विद्यार्थी वीसपासून छत्तिसापर्यंतचे होते. कोणी ट्रक चालवायचं, कोणी मोबाइल दुरुस्त करायचं. फळ्यावर खडूनं गोल काढून दाखवले तर अर्ध्यांना जांभया. मग मी युक्ती केली. सगळ्यांच्या चपला मागवल्या आणि मैदानावर मांडल्या. ज्याची चप्पल जिथे, त्यानं तिथे उभं राहायचं. ही युक्ती अतोनात चालली. स्वतःची चप्पल माणूस कधी विसरत नाही. तिसऱ्या दिवशी एक कुत्रं आलं आणि पहिल्या, म्हणजे कोपऱ्याजवळच्या, खांबाची चप्पल तोंडात धरून नाल्याकडे पळालं. ती चप्पल होती कॅप्टन सुधाकर गजभियेची. सहा फूट उंच, छत्तीस वर्षांचा, शाळेच्या मुलांची व्हॅन चालवणारा सुधाकर एका पायात चप्पल घालून कुत्र्यामागे धावला, आणि त्यामागे हसत हसत अख्खी टीम. त्या दिवशी रिटर्नची प्रॅक्टिस तेवढीच झाली. कुत्रं सुटलं, चप्पल गेली. सुधाकरची धाव किती संथ आहे हे मात्र माझ्या वहीत कायमचं नोंदवलं गेलं.

टीममध्ये किकचा बादशहा होता रोशन. पाय असा की पंचवीस पावलांवरून ठेवलेली बाटली पाडावी. पण फ्री किक मिळाली की त्याची पूजा सुरू व्हायची. आधी डाव्या बुटाची लेस सोडून बांधायची, मग उजव्या. मग चेंडू उचलून कपाळाला लावायचा, फिरवून ठेवायचा, मागे सात पावलं मोजत जायचं, आभाळाकडे बघायचं. एवढ्यात समोरच्यांची भिंत उभी राहून, पाणी पिऊन, शिळोप्याच्या गप्पा मारून तयार असायची. मी म्हटलं, "रोशन, हे सगळं बंद." तो बापडा हो म्हणाला आणि पुढच्या सामन्यात पूजेविना मारलेली किक थेट गोलमागच्या पाण्याच्या टाकीवर गेली. वाजली मोठी सुरेख.

"मॅडम, लेस नाही बांधली त पाय माहा वाटतच नाही मले," तो म्हणाला. अगदी रडवेला.

मी दोन दिवस विचार केला. मग पूजा परत सुरू केली. उलट सांगितलं, आणखी सावकाश कर, मन लावून कर. पुढच्या फ्री किकला रोशन खाली बसून उजव्या बुटाची लेस बांधत होता, समोरची भिंत आपली अजून सरकत होती, कीपर खांबाशी उभा राहून भिंतीला हात करत होता, आणि बाजूनं येऊन सुधाकरनं शांतपणे चेंडू रिकाम्या बाजूला मारला. गोल! नत्थूभाऊ बाकावरून उडी मारताना पडले आणि पडल्या पडल्या टाळ्या वाजवत राहिले. मलाही हसू आवरेना. रोशन मात्र लेस हातात धरून तसाच बसला होता. त्याच्या पूजेचा मी तमाशा केला होता. पंधरा दिवस तो माझ्याशी हो-नाहीपलीकडे बोलला नाही. आधी त्याला विश्वासात घ्यायला हवं होतं, ते मी केलं नाही, आणि ही चूक मला आजही टोचते. नंतर मी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. त्याच्या आईनं मला पोहे दिले, आणि त्यावर तर्री इतकी जहाल की माफी मागता मागता डोळ्यांतून पाणी आलं. रोशनला वाटलं मॅडम रडून राहिल्या. तो विरघळला. मीही खुलासा केला नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. कॉर्नरला चेंडू कुठे येणार हे आपल्या माणसांना कळायला हवं आणि समोरच्यांना कळायला नको. आधी मी आकडे दिले. एक म्हणजे जवळचा खांब, दोन म्हणजे मध्य, तीन म्हणजे लांबचा खांब. पण ऊन, दमछाक आणि मार खाल्लेली नडगी यांत माणूस आकडे विसरतो. दोन म्हटलं की तिघे एकाकडे आणि दोघे तीनकडे. एके दिवशी बसमधून कन्हानला जाताना कंडक्टर थांबे पुकारत होता आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. कन्हानच्या माणसाला नागपूरचा रस्ता झोपेतही पाठ. जवळचा खांब म्हणजे शेजारची कामठी. मध्य म्हणजे शहराच्या मधोमधची बर्डी. लांबचा खांब म्हणजे थेट दुसऱ्या टोकाचं हुडकेश्वर. आणि आखूड पास देऊन चेंडू परत घ्यायचा असेल तर 'घर'.

काय सांगू, एका संध्याकाळीत पाठ झालं! रोशन कोपऱ्यावरून ओरडायचा, "बर्डी!" आणि पाच माणसं बर्डीला हजर. दोन आठवड्यांत आम्ही तीन सामने जिंकलो. मी घरी जेवताना ताटात हरभऱ्याचे दाणे मांडून कामठी-बर्डी करू लागले. यांनी एकदा न बघता हुडकेश्वर खाऊन टाकलं, त्यावरून आमचं चांगलंच वाजलं.

पण एक चूक मी केली, आणि ती माझ्यासारख्या शाळेच्या चार भिंतींत राबलेल्या बाईनंच करावी. माझी प्रॅक्टिस उघड्यावर होती. पुलियावर रोज खदानीतले निवृत्त कामगार येऊन बसायचे. त्यांचे पुढारी चिंधूकाका. खदानीत असताना भोंगा वाजवायची ड्यूटी त्यांची होती आणि भोंगा बंद झाल्यावर त्याचा आवाज त्यांच्या गळ्यात राहायला आला असावा. या मंडळींना माझी सगळी भाषा पाठ झाली. पुढच्या सामन्याला ते टेम्पो करून आले. आम्हाला कॉर्नर मिळाला, रोशनच्या तोंडून शब्द निघतो न निघतो तोच चाळीस म्हाताऱ्यांनी एका सुरात आरोळी ठोकली, "हुडकेश्वर! हुडकेश्वर! हुडकेश्वर!" हात करून करून, बसमध्ये सवारी भरावी तसं. पहिल्या वेळी समोरच्यांना वाटलं हे गावाकडचे लोक गाडी शोधून राहिले. तिसऱ्या कॉर्नरला त्यांच्या बॅकनं हात वर करून आपल्या पोरांना सांगितलं, "ए, हुडकेश्वर म्हणजे लांबचा खांब!" संपलं. चार सामन्यांत एक गोल नाही. सगळ्या लीगला आमचा बसमार्ग कळला.

मी चिंधूकाकांना हात जोडले. "काका, सामन्यात ओरडू नका."

"काहून नोका? पोट्ट्यांले ऐकू नाही येत मैदानात. आमी आहो ना मदतीले."

मग मी अर्थच उलटे केले. आजपासून कामठी म्हणजे लांबचा खांब, हुडकेश्वर म्हणजे जवळचा. प्रॅक्टिसला रोशन ओरडला, "कामठी!" आणि सगळेच्या सगळे अर्ध्या वाटेत थांबले, एकमेकांची तोंडं बघत.

"मॅडम, कामठी दूर कशी असन?" रोशन म्हणाला. "सायकलनं जातो मी."

माणसाच्या पायाला भूगोल कळतो, तो उलटा करता येत नाही.

शेवटचा सामना उरला. तळाच्या दोन टीम खालच्या गटात जाणार होत्या आणि आम्ही खालून दुसरे होतो. जिंकलो तर वाचणार. बरोबरी झाली तरी बुडणार. क्लबच्या अध्यक्षांनी, ज्यांचं हार्डवेअरचं दुकान टीमला बूट-जर्सी पुरवायचं, स्वच्छ सांगून टाकलं होतं की खालच्या गटात टीम चालवणार नाही, बंद करणार. सामन्याच्या आदल्या दिवशी प्रॅक्टिस संपल्यावर सुधाकर माझ्याजवळ पुलियावर येऊन बसला. बुटांवरचा मुरूम झटकत म्हणाला, "मॅडम, माह्या बापानं काढली ही टीम. पाळी संपवून कोळशाच्या तोंडानंच खेळायला येत होता तो. खदान गेली, क्वार्टर पाडून राहिले, भोंगा बंद. बाप त गेलाच. टीम बंद झाली त त्याचं या कन्हानमधी काहीच राहत नाही."

मी पेनल्टी कॉर्नरला चेंडू थांबवणारी बाई, मला सुचतं ते जागेचंच. मी म्हटलं, "उद्या पहिला खांब सोडू नको. बाकी पाहू." तो हसला आणि व्हॅन घेऊन गेला. बसमध्ये मी धरमपेठेपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले.

सामना नेमका हुडकेश्वरच्या टीमशी, आणि ते जिंकले तर त्यांचा पहिला नंबर. म्हणजे तेही पेटलेले. विसाव्या मिनिटाला त्यांनी गोल केला. मध्यंतरात नत्थूभाऊ नखं खात होते. मी अकरा जणांना जवळ घेतलं आणि सांगितलं, "चिंधूकाका जे ओरडतील ते ऐकायचं नाही. रोशनचं तोंडही ऐकायचं नाही. रोशनचे मोजे बघायचे. डावा वर ओढला तर जवळ, उजवा ओढला तर लांब." आणि रोशनला म्हटलं, "तू मात्र गळा फाडून हुडकेश्वर म्हण."

"मॅडम, काकाले सांगायचं?"

"नाही."

पासष्टाव्या मिनिटाला कॉर्नर मिळाला. रोशननं "हुडकेश्वर!" म्हणून बोंब ठोकली, चिंधूकाकांच्या भोंग्यानं ती उचलली, आणि सामनाभर आमच्या बसमार्गाला तयार असलेले हुडकेश्वरचे सहा बॅक लांबच्या खांबाकडे पळाले. रोशननं डावा मोजा केव्हाच ओढला होता. चेंडू जवळच्या खांबाशी आला आणि तिथे उभ्या असलेल्या आमच्या एकट्या पोराच्या डोक्याला लागून आत गेला. १-१. पुलियावाले म्हातारे आनंदानं नाचत होते आणि नाचता नाचता एकमेकांना विचारत होते की कामठीत गोल झाला कसा. सामन्यानंतर चिंधूकाकांनी मला गाठून ऐकवलंच, "आमाले उल्लू बनवलं तुमी मॅडम." मी पाया पडले. त्यांनी आशीर्वाद दिला, पण जरा तोंड फिरवून.

आता शेवटची दोन मिनिटं. कॉर्नर त्यांना. त्यांचे झाडून सगळे आमच्या गोलसमोर, मागे फक्त एक बॅक. रिटर्नसाठी आमचा नियम पक्का होता: कीपरनं झेललं की चेंडू रोशनकडे, रोशननं उजवीकडून पळायचं, मधून बारका, चपळ किसन. आणि सुधाकरनं पहिला खांब सोडायचा नाही. काहीही झालं तरी सोडायचा नाही. उंच माणूस, संथ पाय. त्याची जागा तीच. हा नियम मी हंगामभर इतका घोटला होता की तो झोपेतही खांबाला धरून उभा राहिला असता.

चेंडू आला. कीपरनं हवेत झेलला आणि उतरता उतरता रोशनकडे फेकला. रोशन सुटला. किसनकडे बघते तर तो पोटरी धरून खाली बसलेला. मधे कोणीच नाही. आणि मग आमच्या गोलकडून एक पिवळी जर्सी धावत निघाली. संथ, उंच, दोन्ही हात वल्ह्यासारखे मारत. सुधाकर!

मी उठले आणि ओरडले, "सुधाकर, मागं ये!" तो आलाच नाही. "खांब, सुधाकर! खांब!" तो मधली रेषा ओलांडून गेला. मी जिवाच्या आकांतानं ओरडत होते. बरोबरीतही आम्ही बुडणारच होतो, म्हणजे मागे राहून वाचवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, हे मला आज कळतं. त्या वेळी माझ्या डोक्यात फक्त रिकामा खांब होता. "मागं फिर गा! ऐक माझं!" रोशननं त्यांच्या एकट्या बॅकला कोपऱ्याकडे ओढून नेलं, थांबला, मधे बघितलं. मधे सुधाकर पोचत होता. अजून पोचत होता. रोशननं पास दिला. मी सहाव्यांदा "मागं ये" म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून भलतंच निघालं, "मार गा! मार!"

त्यानं मारला. खरं तर चेंडू त्याच्या नडगीला लागला, टप्पा घेतला, कीपरच्या हाताखालून गडगडत, अगदी आरामात, रेषेपलीकडे गेला. मग काय झालं ते नीटसं आठवत नाही. मी कोणाला तरी घट्ट मिठी मारली होती. तो लाइन्समन निघाला. सभ्य माणूस, झेंडा सांभाळत उभा राहिला.

टीम वाचली. अध्यक्षांनी सत्कार ठेवला. नत्थूभाऊ माइकवर म्हणाले, "हा गोल आमच्या मॅडमच्या डोक्यातला. कॅप्टनले मागं लपवून ठेवायचा अन् शेवटी काढायचा. मी माह्या कानानं ऐकलं, मॅडम ओरडल्या, मार म्हणून." टाळ्या. मी माइक घेतला आणि खरं ते सांगितलं. म्हटलं, हा गोल माझा नाही. मी तर त्याला पाच वेळा मागे बोलावत होते. त्यानं माझा नियम मोडला म्हणून तुमची टीम आज आहे. लोकांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. चिंधूकाका शेजारच्याला म्हणाले, "पाहा, किती नम्र बाई आहे." आता काय करणार? म्हणून इथे लिहून ठेवते आहे. छापलेलं तरी लोक खरं मानतात.

कार्यक्रम संपल्यावर मी सुधाकरला बाजूला घेतलं. "खरं सांग. मी ओरडत होते ते ऐकू आलं का?"

"आलं ना मॅडम. साऱ्या मैदानाले आलं."

"मग थांबला काहून नाही गा?"

त्यानं खिशातून मोबाइल काढला. गावातल्या कोणीतरी त्या रिटर्नचा व्हिडिओ काढला होता. त्यात रोशन पळताना दिसत होता, मधून सुधाकर, आणि बाहेरच्या रेषेवरून, बाकापासून थेट त्यांच्या कोपऱ्यातल्या झेंड्यापर्यंत, पांढऱ्या बुटांत आणि सलवार-कमीजमध्ये एक साठीची बाई सुधाकरच्या दोन पावलं पुढे धावत होती. ओढणी मागे उडत होती. तिला ओळखायला मला थोडा वेळ लागला.

"थांबणारच होतो मी," सुधाकर म्हणाला. "पण तुमी 'मागं ये, मागं ये' म्हणून राहिल्या होत्या अन् पळून राहिल्या होत्या पुढं. मंग म्या ठरवलं, तोंडाचं नाही ऐकाचं, पायाचं ऐकाचं."